एकेचाळीसच्या पाठीवर त्रेचाळीस

दुपारचे सव्वादोन वाजले होते. टीव्हीवर मास्तर पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "पान बेचाळीस नव्हतंच. मी आत्ता स्वतः सगळे कागद पाहिले. त्या काळी छापखान्यात काम करणाऱ्या एका बाईंची ती चूक होती. आता हा विषय इथेच संपवू या."

सोन्याच्या हातातला घास हातातच राहिला.

सोन्या म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा, लिफ्ट दुरुस्त करणारा, कानशिलांवर पांढरा झालेला माणूस. लहानपणी आईने मारलेली हाक त्याला चिकटली ती चिकटलीच. त्याच्या शर्टाच्या खिशावर पितळी बिल्ला होता आणि त्यावर दोनच आकडे होते, ४२. हा बिल्ला लावून तो अकरा वर्षं मास्तरांच्या सभांना गेला, भिंती रंगवल्या, एकदा डोक्याला चार टाके घालून आला. मास्तर सत्तेवर येऊन चौदा महिने झाले होते. चौदा महिने तो रोज म्हणत होता, आज नाही तर उद्या, मास्तर पान बाहेर काढणार.

आणि 'छापखान्यातली ती बाई', म्हणजे त्याची आई, त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. सगळी गल्ली तिला प्रूफबाई म्हणायची. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी हातात पेन्सिल घेतल्याशिवाय तिला वर्तमानपत्र वाचता येत नसे. आताही तिने एका चुकलेल्या वेलांटीखाली रेघ ओढली होती. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बघ," ती म्हणाली, "मी म्हणत नव्हते?"

अकरा वर्षं जिभेवर धरून ठेवलेलं वाक्य शेवटी बाहेर पडलं, आणि पडल्यापडल्या तिला कळलं की ते गिळायला हवं होतं. सोन्याने तिच्याकडे पाहिलं. लिफ्टची तार तुटल्यावर आत अडकलेली माणसं कशी पाहतात, हे तोच कधीतरी तिला सांगायचा. तसं पाहिलं. ताट सरकवलं, उठला, हात धुतला आणि चपला घालून निघून गेला.

"अकरा वर्षं या घरात तीन माणसं आणि एक पान राहतंय," सून ताट उचलत म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि तिथल्यासारखंच मोजकं बोलायची. "माणसांची अडचण नव्हती आई. त्या पानानेच जागा जास्त खाल्ली."

आता हे पान काय होतं ते सांगायला हवं.

सदतीस वर्षांपूर्वी डोंगरातला एक बोगदा खणताना कोसळला आणि एकसष्ट मजूर आत गाडले गेले. चौकशी झाली, अहवाल लिहिला गेला, आणि तो छापायचं काम प्रूफबाईच्या छापखान्याकडे आलं. मुदत चार दिवसांची. तेव्हा अक्षरं शिशाची होती. जुळारीकाका उभ्याने एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचे. त्यांची बोटं इतकी सवयीची झाली होती की बोलता बोलता, हसता हसता, कुणाला शिवी देता देता ओळ तयार व्हायची. शाईचा, रॉकेलचा आणि ओल्या कागदाचा वास असायचा. प्रूफबाईला तो वास अजून स्वप्नात यायचा, आणि जाग आली की थोडा वेळ वाईट वाटायचं. तिथली माणसं अक्षराला पाय लागला तर हळहळणारी होती.

पानं बांधून झाली की सर्वांत शेवटी पानांचे आकडे घालायचे. ती शेजारी उभी राहून आकडे मोठ्याने सांगायची आणि काका एकेका पानाखाली ते बसवायचे. मागे मशीन धडधडत असे. तीस वर्षांच्या धडधडीने काकांचा उजवा कान गेलेला होता. त्यात त्या दिवशी तिची अक्कलदाढ ठणकत होती आणि गालात कापसाचा बोळा होता.

ती म्हणाली, "एकेचाळीस." काकांनी एकेचाळीस बसवलं.

ती म्हणाली, "बेचाळीस." बोळ्याआडून ते कसं बाहेर पडलं कोण जाणे, काकांना ऐकू आलं त्रेचाळीस. त्यांनी त्रेचाळीस बसवलं.

ती म्हणाली, "त्रेचाळीस."

"झालंय की ते, बाई," काका म्हणाले. "झोपलात काय? पुढे बोला."

तिला वाटलं, काकांचा हात आज भलताच चालतोय. ती म्हणाली, "चव्वेचाळीस."

बस, एवढंच घडलं. नंतर प्रूफं तपासताना तिने मजकूर अक्षर न् अक्षर पाहिला. आकडे पाहिले नाहीत. आपणच सांगितलेले आकडे पुन्हा काय बघायचे? बांधणीवाल्याने फॉर्मच्या, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्यांच्या, खुणा पाहून पुस्तक शिवलं, त्यालाही कळलं नाही. चूक लक्षात आली ती पुस्तकं तयार होऊन दोरीने बांधल्यावर. ती धावत मालकांकडे गेली. एका ओळीचं शुद्धिपत्र आत चिकटवू या, म्हणाली. मालक हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "बाई, चौकशीचा अहवाल कधी कुणी वाचलाय का?"

सव्वीस वर्षं मालकांचं म्हणणं खरं ठरलं.

मग मास्तर आले. ते खरोखरीचे मास्तर, शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांना कुठल्याशा वाचनालयात तो अहवाल सापडला आणि एका सभेत त्यांनी विचारलं, "एकेचाळीसनंतर त्रेचाळीस कसं येतं? मधलं पान कुणी खाल्लं? त्या पानावर कुणाची नावं होती?" सभेत चाळीस माणसं होती. पुढच्या सभेला चारशे.

त्या चारशेंत सोन्या होता. त्याआधी दीड वर्ष तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. कंपनी बंद पडली, सोबतचे दोघे परगावी गेले, आणि हा कॉटवर पडला तो पडलाच. सून दिवसभर काउंटरवर, आई घरात, आणि तो भिंतीकडे बघत. त्या सभेहून तो परत आला तो पायऱ्या दोन दोन चढत. "आई, भूक लागलीय," म्हणाला. दीड वर्षात पहिल्यांदा.

भूक लागलेल्या मुलासमोर आईने काय करायचं? तरी प्रूफबाईने त्याच आठवड्यात कपाटातून पुस्तक काढलं. छापखान्याची जपलेली प्रत होती ती.

"हे बघ," तिने एक पान चिमटीत धरलं. "ही बाजू एकेचाळीस. आता उलट. मागची बाजू त्रेचाळीस. एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत रे. मधे पान जाईल कुठून? कागद चिरून आत घालणार का?"

सोन्याने कागद उलटला, पुन्हा सुलटा केला.

"आणि शेवटचं पान बघ, सत्त्याण्णव. सोळा पानांचे सहा फॉर्म. सोळा सक किती?"

"शहाण्णव."

"मग? आकडे सत्त्याण्णव आणि पानं शहाण्णव. एक आकडा गळलाय. तो माझ्या दाढेमुळे गळलाय."

तो शेवटच्या पानावरच्या आकड्यावर बोट फिरवत राहिला. तिला वाटलं, पटलं. मग तो म्हणाला, "म्हणजे सगळं पुस्तक पुन्हा छापलं त्यांनी. पान काढून, वाक्यं जुळवून. फार हुशार माणसं असणार आई. तुलासुद्धा कळू दिलं नाही."

ती हसली होती तेव्हा. त्या हसण्याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

आणखीही एक गोष्ट होती, आणि ती तिने सोन्याला कधीच सांगितली नव्हती. सुनेलाही नाही. त्याच महिन्यात पुस्तक पिशवीत घालून ती मास्तरांकडे गेली होती. तेव्हा ते दोन खोल्यांत राहायचे, दाराशी चपलांचा ढीग असायचा. त्यांनी सगळ्यांना बाहेर बसवलं आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. कागद दोनदा उलटून पाहिला. सोळा सक त्यांनी तिच्याआधी म्हटलं. आणि मग खळखळून हसले, अगदी शाळेतल्या मुलासारखे. "अक्कलदाढ! वा, बाई, वा!"

"मग आता सांगाल ना लोकांना?"

ते हसायचे थांबले. "आणखी कुणाला बोललात?"

"मुलाला. त्याला पटत नाही."

"मग राहू द्या," मास्तर म्हणाले. "आजवर मान खाली घालून बसलेली माणसं पहिल्यांदा प्रश्न विचारताहेत. प्रश्न मोठा आहे, बाई. पानाचं काय एवढं." तिच्यासाठी चहा मागवला. निघताना रस्त्यापर्यंत पोचवायला आले आणि तिची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

इतक्या मोठ्या माणसाने पिशवी धरली, याचं तिला घरी येईपर्यंत अप्रूप वाटत राहिलं. घरी सोन्या शिट्टी वाजवत बूट पुसत होता. ती काही बोलली नाही. बोलली असती तर तो पुन्हा भिंतीकडे वळला असता, असं ती स्वतःला सांगत आली. ते खरंही होतं. पण पिशवीही तितकीच खरी होती.

मास्तर टीव्हीवर बोलले त्या संध्याकाळपासून शहर बिघडलं. ज्या हातांनी भिंतीवर मास्तरांचं चित्र काढलं होतं, त्याच हातांनी त्याच भिंतीवर डांबर फासलं. बिल्ल्यांचे ढीग मास्तरांच्या कचेरीच्या पायऱ्यांवर ओतले गेले. बेचाळीसवाले, म्हणजे बिल्लेवाले, आता म्हणू लागले की मास्तरही विकले गेले. किंवा त्यांना धमकावलं. किंवा खरे मास्तर कुठेतरी कोंडलेले आहेत आणि टीव्हीवर दिसतो तो दुसराच. भाजीवाली प्रूफबाईला म्हणाली, "कान बघा त्यांचे आजी, पहिल्यासारखे नाहीत." प्रूफबाई म्हणाली, "वय झालं की कान मोठे होतात बाई, माझेही झालेत." भाजीवालीने तिच्याकडे संशयाने पाहिलं आणि कोथिंबीर कमी दिली.

सोन्या पाच दिवस घरी आला नाही. कामावरच्या खोलीत झोपतो असं सुनेला त्याने फोनवर सांगितलं. पाच दिवसांत बेचाळीसवाल्यांना कळलं होतं की चूक करणारी ती बाई याचीच आई. कुणी त्याला 'चुकीचा मुलगा' म्हणालं. कुणी म्हणालं, अकरा वर्षं आमच्यात बसून घरी जाऊन सगळं ओकत होतास काय? ज्याच्या डोक्याला त्यांच्यासाठी चार टाके पडले होते, त्याला त्यांनी चहाच्या टेबलावरून उठवलं.

शनिवारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. प्रूफबाईने हे डोळे ओळखले. कॉटवरचे डोळे होते ते.

"आई, उद्या सकाळी जमणार आहेत सगळे. बस आगाराच्या मागच्या शेडमध्ये. तू यायचंस."

"मी येऊन काय करू?"

"सांगायचं. पान होतं, आणि तुला काढायला लावलं."

"असं कसं सांगू सोन्या? नव्हतं ते."

"मग मी त्यांना काय सांगू?" त्याचा आवाज चिरकला. "माझ्या आईची दाढ दुखत होती म्हणून सांगू? अकरा वर्षं, आई! मी दुसरं काही केलंच नाही अकरा वर्षं."

सून दारात उभी होती. ती म्हणाली, "लग्न केलं होतंस ना, ते आठवतंय का?" पण कुणी हसलं नाही, तीही नाही.

"येते मी," प्रूफबाई म्हणाली. "पण खरं असेल तेवढंच बोलेन."

पहाटे जाग आल्यावर तिने ठरवून टाकलं. दाढेचं सांगायचं, पानाच्या दोन बाजू दाखवायच्या, आणि मास्तरांना पहिल्यापासून माहीत होतं हेही सांगायचं. सगळं. मग सोन्याला कळेल की त्याला फसवलं ते पानाने नाही, माणसाने फसवलं. आणि त्या माणसाबरोबर आईनेही. एकदाचं होऊन जाऊ दे. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलं होतं. ही एक स्वतःची उरली होती.

शेडमध्ये डिझेलचा वास होता आणि सहा-सातशे माणसं. बहुतेक सोन्याच्याच वयाची, कामावरून थकलेली, इस्त्री नसलेल्या शर्टांतली. तिला त्यांचा राग येईना. प्रत्येकाच्या घरी कुठेतरी एखादी भिंत असणार, असं वाटलं. पुढे एका चष्मेवाल्याच्या हातात माइक होता. तो आता त्यांचा म्होरक्या झाला होता. पाच दिवसांपूर्वी त्याला कुणी ओळखतही नव्हतं.

"या आजी. घाबरू नका. इथे तुमचे सगळे मुलगेच आहेत."

प्रूफबाईने माइक घेतला. तिचा आवाज अजून स्वच्छ होता, वाचून दाखवण्याची सवय होती. "मी त्या छापखान्यात प्रूफं तपासायची," ती म्हणाली. "आकडा माझ्या तोंडून गेला. पण आधी एक ऐका. मास्तर म्हणतात त्यांना आत्ता कळलं. ते खोटं आहे. त्यांना अकरा वर्षांपासून माहीत आहे. मी स्वतः त्यांच्या खोलीत जाऊन, समोर बसून..."

पत्र्याचं छप्पर हादरेल असा गलका उठला.

"ऐकलंत?" चष्मेवाल्याने माइक तिच्या हातातून काढून घेतला. "माहीत होतं! पानावर काय आहे ते मास्तरांना अकरा वर्षांपासून माहीत होतं!"

"तसं नाही हो! पूर्ण ऐका!" ती ओरडली, पण माइकशिवाय म्हाताऱ्या बाईचा आवाज तो केवढा. तिने पिशवीतून पुस्तक काढून वर धरलं, पान उलटून दाखवायला. त्याने तर कहर झाला. "पुस्तक! मूळ पुस्तक!" ते तिच्या हातातून गेलं आणि डोक्यांवरून मागे मागे सरकत राहिलं. लोक त्याचे फोटो काढत होते, त्याला नुसता हात लावत होते. अर्ध्या तासाने ते परत आलं तेव्हा पुठ्ठा सैल झाला होता आणि मधला एक कागद कुणीतरी फाडून नेला होता. तिने पाहिलं. चाळीसच्या समोर आता चव्वेचाळीस होतं.

कुणी सोन्याला खांद्यावर घेतलं होतं. ज्यांनी टेबलावरून उठवलं तेच घेत होते. तो उतरून गर्दी बाजूला सारत तिच्याकडे आला, दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले. तो रडत होता.

"आई," तो म्हणाला, "आधी का नाही बोललीस गं?"

नेमकी हीच वेळ होती. तो जवळ होता, कान तिच्या तोंडापाशी होता. एक वाक्य पुरलं असतं. पण किती वर्षांनी त्याने असं धरलं होतं, आणि डोळे पुन्हा जागेवर आले होते.

"जमलं नाही," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि ते तसंच राहू दिलं.

घरी येताना तो तिची पिशवी धरून चालला. गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. भाजीवालीने न मागता मूठभर कोथिंबीर पिशवीत कोंबली. सुनेने दार उघडलं, एकदा नवऱ्याकडे आणि एकदा सासूकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. "वा," ती म्हणाली. "मिटलं म्हणायचं."

जेवण झालं. सोन्याने खुर्ची ओढून आईच्या अगदी जवळ आणली, लहानपणी गोष्ट ऐकायला बसायचा तशी.

"आता मला सांग. दुसऱ्या कुणालाही सांगणार नाही. काय होतं बेचाळीसवर?"

प्रूफबाईने हात मांडीवर ठेवले. नव्हतंच, हे म्हणायची वेळ ती शेडमध्ये घालवून आली होती. मग तिने त्याला तो अहवालच सांगितला, जो तिने प्रूफं तपासताना मोठ्याने वाचला होता आणि जो तिला अजून बराचसा पाठ होता. बोगद्यात नऊ दिवस पाणी झिरपत होतं. मुकादमाने ते नोंदवहीत लिहिलं. नोंदवही वर पाठवायची ती कारकुनाने पाठवली नाही, कारण ती शनिवारी पाठवायची पद्धत होती आणि शनिवारी सुट्टी आली. इंजिनिअर बहिणीच्या लग्नाला गेला होता. त्याच्या जागी आलेल्याने आत न जाताच सही केली, कारण त्याच्याकडे दिवा नव्हता. लाकडी टेकू ठरल्यापेक्षा बारीक होते, ते तिघांना दिसले, आणि प्रत्येकाला वाटलं दुसरा बोलेल.

"मग?" सोन्या म्हणाला.

"मग कोसळला."

"नावं?"

"होती की. मुकादम, कारकून, दोन इंजिनिअर, टेकू पुरवणारा."

"मोठं नाव?"

"मोठं नाव नव्हतं रे. सगळी आपल्यासारखीच."

सोन्याने खुर्ची थोडी मागे घेतली. "एवढंच?"

"एकसष्ट माणसं गेली सोन्या. अजून काय हवं?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. आधी हिरमुसल्यासारखा, मग हळूहळू दुसरंच काही त्याच्या तोंडावर आलं, कीव आल्यासारखं. "यासाठी कुणी पान लपवेल का? तू अजून घाबरतेस आई. कुणीतरी तुला बजावून ठेवलंय."

"कुणी नाही रे. शपथ..."

"असू दे. त्रास करून घेऊ नकोस." त्याने तिच्या हातावर थोपटलं, आजारी माणसाला थोपटावं तसं, आणि फोन घेऊन जिना उतरला.

जिन्याची खिडकी उघडी होती. खालून त्याचा आवाज स्वच्छ येत होता, कितीतरी वर्षांत इतका जोमदार नव्हता. "हो, विचारलं. नाही सांगत. काहीतरी भलतंच सांगितलं, पाणी न् टेकू न् काय काय. पढवलेलं वाटतं सगळं... हो ना. आईलासुद्धा दाबलंय त्यांनी."

प्रूफबाई खिडकीशी उभी होती.

"मला कोण दाबणार, मूर्खा," ती म्हणाली. पण खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली नाही.